उत्तराचा रकाना

रात्री साडेअकराला मी आठवीच्या मुलांची उत्तरं लिहीत बसलेलो असतो. मुलं तेव्हा आपापल्या घरी झोपलेली असतात. उद्या तिसऱ्या तासाला मी त्यांना काय विचारणार हे मला ठाऊक असतं, त्यात काही विशेष नाही. पण ती काय म्हणणार हेही मीच ठरवून टाकतो. पाठ टाचणाच्या वहीत आडवं पान, त्यावर पट्टीनं आखलेले उभे रकाने: आशय, अध्यापकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, फलकलेखन, मूल्यमापन. एका रकान्यात लिहायचं, 'विहिरीतून बादली ओढताना ती पाण्यात असेपर्यंत कशी वाटते?' आणि शेजारच्या रकान्यात लगेच, 'हलकी वाटते.' माझं बोलणं निळ्या पेनानं, मुलांचं काळ्या.

बायको मशीनवर ब्लाउजाला हुक लावत होती. तिनं मान वाकडी करून वहीत बघितलं.

"पोरं असंच बोलतील कशावरनं?"

"बोलावं लागतं," म्हटलं. "नाहीतर पुढचा प्रश्न बसत नाही."

ती हसली आणि परत हुक लावायला लागली. मी मात्र पेन धरून बराच वेळ त्या काळ्या अक्षरांकडं बघत बसलो.

बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा मला चौतीस पूर्ण झाली होती. त्याआधी नऊ हंगाम साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढले. लॅब केमिस्ट म्हटलं की पाहुण्यापावण्यांत बरं दिसतं, पण कागदावर हंगामी. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटला की तासातासाला रसाचे नमुने, ब्रिक्स, पोल ही साखरेची मापं, रजिस्टर. उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की रिटेन्शन भत्त्यावर घरी. त्या रिकाम्या महिन्यांत गल्लीतली दहावीची चार पोरं शिकवणीला यायची. चारांची अकरा झाली. एक दिवस लक्षात आलं की मी हंगाम सुरू व्हायची नव्हे, तर संपायची वाट बघतोय. सीईटी दिली, नंबर लागला, कारखान्याला रामराम ठोकला. आप्पा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "दप्तर घिऊन देऊ का?"

आणखी एक गोष्ट आप्पांना शेवटपर्यंत पटली नाही. त्यांच्या माहितीतलं बी.एड. एका वर्षाचं होतं. ते २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या आयोगानं २०१२ मध्ये शिक्षक-शिक्षणाची झाडाझडती घेतली, त्यातून हे आलं. गंमत अशी की सर्वोच्च न्यायालयानं तो आयोग नेमला, तो आपल्याच महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या भांडणातून. म्हणजे माझा एक वर्षाचा पगार कुठं गेला, त्याचा माग काढायचा तर तो दूर दिल्लीत लागत नाही, इथंच लागतो. तासांना ८० टक्के हजेरी, शाळेतल्या कामाला ९० टक्के. नोकरी सांभाळून करू म्हणणाऱ्याला जागाच नाही. तरी दोन वर्षं लागू नयेत असं आता मला म्हणवत नाही. पहिल्या वर्षी मी जे शिकवत होतो ते बघता, एका वर्षात मला वर्गात सोडणं मुलांवर अन्यायच झाला असता.

आमच्या वर्गात पुरुष मोजून सात. बाकी सगळ्या ताया. कुणी पहाटे उठून डबे करून एसटीनं येणारी, कुणाचं लेकरू सासूजवळ. सरासरी वय पंचवीस-सव्वीस, त्यात मी सगळ्यांचा 'दादा'. या सगळ्यांनी मिळून सूक्ष्म अध्यापनाच्या तासाला आठवीची मुलं व्हायचं असतं. म्हणजे एकजण पुढं उभं राहून सहा मिनिटं शिकवणार, समोरच्या बाकांवर आम्ही एमेस्सी, एमए झालेले लोक बोटं वर करून 'सर मी, सर मी' म्हणणार, आणि मागं दोघंजण निरीक्षण तक्त्यावर रेघा ओढणार. एका वेळी एकच कौशल्य. प्रश्नकौशल्य, फलकलेखन, चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत राहणं), प्रबलन (शाबासकी देणं). प्रबलनाच्या दिवशी एका ताईनं सहा मिनिटांत अकरा वेळा 'शाब्बास' म्हटलं. बाराव्याला तिला स्वतःलाच हसू फुटलं आणि पाठ तिथंच संपला.

ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला निघाली. आपल्याकडं तिचं गणित ठरलेलं आहे: अध्यापन सहा मिनिटं, प्रत्याभरण म्हणजे चुका सांगणं सहा, पुनर्नियोजन बारा, पुनरध्यापन सहा, पुन्हा प्रत्याभरण सहा. बेरीज ३६. तीन आणि सहा एकमेकांकडं पाठ करून बसलेले. माझा आणि सूक्ष्म पाठाचा पहिले दोन आठवडे तसाच संबंध होता. प्रश्नकौशल्याच्या तक्त्यावर मला दर वेळी एकाच ओळीत रेघा जास्त पडायच्या: 'स्वतःच्या प्रश्नाचे स्वतः उत्तर देणे.' मला वाटायचं, मैत्रिणी उगाच ओढतात.

मग सगळी कौशल्यं एकत्र जोडणारे सेतुपाठ झाले आणि खऱ्या शाळेत सराव पाठ सुरू झाले. तिथं पहिल्याच दिवशी पहिल्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "सर, तुमचा कितवा पाठ?"

सराव पाठाच्या शाळेतली मुलं आमच्यापेक्षा जास्त बी.एड. शिकलेली असतात. पाच-सहा वर्षं सतत आमच्यासारख्यांना बघून त्यांना सगळा क्रम पाठ असतो. प्रस्तावनेत शिक्षक इकडचं तिकडचं विचारणार, तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला उत्तर धड्याच्या नावाशी आणून ठेवायचं, मग ते 'आज आपण अमुक अभ्यासणार आहोत' असं म्हणून फळ्यावर शीर्षक लिहिणार. हेतुकथन झालं. "मुलांनो, सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता?" असं विचारलं की मागचा एकजण हळूच शेजाऱ्याला सांगतो, "पाणी नाहीतर दात." मागं मार्गदर्शक मॅडम वही घेऊन बसल्या की मुलं जास्तच शहाण्यासारखी वागतात, कारण त्यांना आमची कीव येते. हे मला आधी अपमानाचं वाटायचं. नंतर वाटलं, एवढी माया दुसऱ्या कुठल्या परीक्षेत मिळते?

या क्रमाला आम्ही हर्बार्टची पंचपदी म्हणतो. कॉलेजच्या ग्रंथालयात बसून वाचलं तर हर्बार्ट हा १८४१ मध्ये वारलेला जर्मन विचारवंत निघाला, आणि त्याच्या पायऱ्या होत्या चार. पाचवी त्याच्या शिष्यांनी घातली. तो चवथीवर थांबलेला आणि आम्ही पाचवी चुकली म्हणून गुण गमावतोय. हे मी मॅडमना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. गृहपाठ द्यायला विसरू नका."

तर बटाटा.

आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' हा तिसरा पाठ. त्यात प्लावक बल, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं ते. साध्या पाण्यात बटाटा बुडतो, भरपूर मीठ घातलं की तो वर येतो, असा प्रयोग मी ठरवला. घरी तांब्यात करून बघितला. मस्त वर आला. लेक टाळ्या वाजवत होती. तेवढंच मीठ पुडीत बांधलं, तोच बटाटा पिशवीत टाकला. शाळेत मात्र सगळ्यांना दिसावं म्हणून काचेचं मोठं चंचुपात्र घेतलं आणि ते गळ्यापर्यंत भरलं. पाणी तिप्पट, मीठ तेवढंच. नऊ हंगाम हायड्रोमीटर हाताळलेला माणूस मी! रस जितका दाट तितका हायड्रोमीटर वर राहतो, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि मी हे केलं.

मीठ घातलं, काचकांडीनं ढवळलं. बटाटा तळाशी. आणखी ढवळलं. तळाशी. मागं मॅडमच्या पेनाचा आवाज येत होता. माझ्या वहीत काळ्या पेनानं सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'बटाटा पाण्यावर तरंगताना दिसतो.' मुलांनी टाचण वाचलेलं नसलं तरी त्यांनाही कळलं होतं की आत्ता काहीतरी व्हायला हवं होतं. माझी जीभ टाळूला चिकटली. किती वेळ गेला माहीत नाही. मला तो गळीत हंगामाएवढा वाटला.

मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. बोट वर न करता. राधानगरीकडची असावी, बोलण्यावरून वाटलं.

"सर, मीठ कमी पडलं असंल. आमच्यात भाताचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकत्यात. पोचट दाणं वर येत्यात, ते काढून टाकायचं. मीठ कमी झालं तर पोचट बी खालीच बसतंय. आज्जी वरडतीया मग."

"किती मीठ घालतात?" हे मी विचारलं, आणि विचारताना ते टाचणात नव्हतं.

"ते आज्जीला ठावं."

मागून एकजण म्हणाला, कृषी सहायकांनी गावात सांगितलं होतं, दहा लिटरला तीनशे ग्रॅम. लगेच दुसरा, मग आपल्या भांड्याला किती? तिसऱ्यानं सांगितलं, पण दाणा वेगळा आणि बटाटा वेगळा, त्याला जास्त लागणार. का जास्त, यावर पाच-सहाजणांचं भांडण लागलं. एक मुलगा, परवानगी न घेता, पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात पळाला आणि खिचडीच्या मावशींकडून वाटीभर मीठ घेऊन आला. वर्ग बाकावर चढलेला. बटाटा तळापासून सुटला, तिरका झाला, मध्येच लटकला. पूर्ण वर येण्याआधी घंटा झाली.

मॅडमचा अभिप्राय माझ्याकडं जपून ठेवलेला आहे. 'प्रयोगाची पूर्वतयारी अपुरी. वर्गनियंत्रण नाही. वेळेचे नियोजन नाही. संकलन व गृहपाठ राहिले. फलकलेखन अपूर्ण.' सगळं खरं होतं, एकाही शब्दाला हरकत घेता येत नव्हती. चहाच्या वेळी त्यांनी मला थांबवलं.

"मधे तुम्ही गप्प राहिलात, ते ठरवून का?"

"नाही मॅडम. घाबरलो होतो."

"पुढच्या वेळी ठरवून राहून बघा. अवघड असतं."

त्या एवढंच बोलल्या आणि बशीत चहा ओतला.

मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी विज्ञानाच्या वर्गांत बसून बरीच वर्षं एकच गोष्ट मोजली होती, हे मला त्यानंतर सापडलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट किती बघतो? सरासरी सेकंदभर. तेवढ्यात उत्तर आलं नाही की तो प्रश्न बदलतो, दुसऱ्याला उठवतो, नाहीतर स्वतःच सांगून मोकळा होतो. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलतात, मुलं एकमेकांशी बोलायला लागतात. तीन सेकंद! यात काय आहे, म्हणून मी पुढच्या पाठाला मोबाइल शर्टाच्या खिशात रेकॉर्डिंगला लावून ठेवला. रात्री ऐकलं. पस्तीस मिनिटांत मी ४१ प्रश्न विचारले होते. २७ ची उत्तरं मीच दिली होती. काही ठिकाणी माझा प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नव्हती. तक्त्यावर रेघा ओढणाऱ्या मैत्रिणींची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग ठरवून गप्प राहायला लागलो. पहिल्यांदा केलं तेव्हा प्रश्न विचारून मनात एक, दोन, तीन मोजलं. वर्ग अस्वस्थ. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मागच्या मॅडमना दिसणार नाही अशा बेतानं ओठ हलवून मला सांगितलं, "दाब, सर, दाब." तिला वाटलं, मी विसरलो. नाटकात पात्र अडलं की विंगेतून सांगतात तसं. आता यावर काय करणार? मी म्हटलं, "मला येतंय गं." वर्ग हसला. तीन सेकंद वाया.

मोजत बसलं की ऐकू येत नाही, एवढं मात्र त्या आठवड्यात कळलं. मुलगा 'अं' म्हणतो आणि थांबतो, तेव्हा तो खरंच अडलेला आहे का वाक्य जुळवतोय, हे मनात आकडे चालू असताना समजत नाही. कारखान्यात रात्रपाळीला एक म्हातारे पॅनमन होते. साखरेचा दाणा धरला का नाही हे ते काचेवर थेंब घेऊन, दोन बोटांत चोळून सांगायचे. मीटर नंतर. मी शिकताना मीटरच बघत राहायचो आणि ते म्हणायचे, आधी बोटाला विचार. वर्गातही मी तेच करत होतो.

नोकरीचं म्हणाल तर तो विषय आमच्यात डबे उघडले की निघतो. पूर्वी 'किती लाख' हा प्रश्न असायचा, अजूनही काही जण हळू आवाजात विचारतात. २०१७ पासून शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं, त्यासाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं. भागाकार करून बघा, एका प्रश्नाला ३६ सेकंद. परत तोच आकडा. वर्गात तीन सेकंद थांबायला शिकायचं आणि परीक्षेत एका सेकंदाचाही थांबा परवडत नाही. ती चाचणी चांगला शिक्षक कसा निवडते, हे मला समजलेलं नाही. वशिल्यापेक्षा बरी, एवढं मान्य. आणि लागलाच नंबर तर तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला २०२३ पासून महिना १८ हजार. त्याआधी आठ हजार होते. आप्पांनी आकडा ऐकून नुसतं 'हूं' केलं. त्या 'हूं'ला किती सेकंद लागले ते मी मोजलं नाही.

आंतरवासितेच्या, म्हणजे सलग मुक्कामी अनुभव घ्यायच्या, शाळेत पंचेचाळिशीतले एक सर आहेत. वीस वर्षं शिकवतात, सहावी ते आठवीला त्यांच्यासारखा भूगोल मी ऐकलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, नोकरीत असलेल्यांनाही टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागणार. तेव्हापासून मधल्या सुट्टीत ते बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न सोडवतात. अडलं की मला हाक मारतात, कारण माझं ताजं आहे. "पियाजेच्या अवस्था किती हो?" चार, मी सांगतो. मग ते डस्टर उचलून सातवीच्या वर्गावर जातात आणि नकाशा न बघता फळ्यावर सह्याद्रीची रेघ ओढतात. मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण नोंदवतो. त्यांच्या वर्गात कितीतरी वेळ कुणीच बोलत नाही आणि कुणाला त्याची भीती वाटत नाही.

आंतरवासिता म्हणजे आमच्या अभ्यासक्रमातला खरा मुक्काम. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत. परिपाठ, बदली तास, घटक चाचणी, तिच्या प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता, शाळेच्या दाखल्यांची रजिस्टरं, सगळं. तिथं मुलं 'कितवा पाठ' विचारत नाहीत. नुसतं 'सर' म्हणतात आणि पोट दुखतंय म्हणून सांगतात.

मागच्या महिन्यात तिथल्या आठवीला रासायनिक बदल घेतला. आदल्या रात्री टाचण काढताना एका प्रश्नाशी अडलो. 'उसाच्या रसापासून गूळ होतो, हा बदल भौतिक की रासायनिक?' काळं पेन उघडलं. पाणी आटतं म्हणून भौतिक, असं लिहिलं की पुढचा प्रश्न छान बसत होता. पण रंग बदलतो, वास बदलतो, आच जास्त झाली की गूळ करपतो, आणि कारखान्यात रस ताटकळला की साखरेचं काय होतं ते मी नऊ वर्षं मोजलेलं. माझ्याकडं एका ओळीचं उत्तर नव्हतं. रकाना तसाच कोरा ठेवून झोपलो.

सकाळी मॅडमनी टाचण चाळलं. बोट त्या कोऱ्या जागेवर थांबलं.

"हे राहिलंय."

"तासानंतर भरतो."

त्यांनी वर बघितलं, सही केली आणि मागं जाऊन बसल्या.

प्रश्न विचारला. भौतिक, रासायनिक, भौतिक असे नेहमीचे आवाज आले आणि विरले. मी टेबलाला टेकलो. बाहेर पाचवीचे पाढे चालले होते. गुऱ्हाळवाल्याचा पोरगा, ज्यानं सबंध सहामाहीत माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं, तो बाकाच्या कडेला नखानं कोरत होता. कोरता कोरता थांबला.

तास संपल्यावर तिथंच बसून मी काळ्या पेनानं लिहून घेतलं, त्याच्याच शब्दांत: 'सर, मीठ पाण्यात इरघळलं आन् पाणी आटवलं तर मीठच घावतं. पण गुळात पाणी वतलं तर परत रस हुतोय व्हय? आमी करून बघितलंय. गुळवणी हुतंय. रसाची चव येत न्हाई. मग मधी काय गेलं?'

रकाना पुरला नाही. शेवटची ओळ समासात गेली.